फिरते चाक आणि न दिसणारी वाट

मराठीत थांबण्याला शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. माणूस खोळंबतो, रखडतो, ताटकळतो, तिष्ठतो. आणि माणूस वाट पाहतो. पहिल्या चारांत नुसता वेळ जातो. खोळंबलेल्याचे काम अडलेले असते, ताटकळलेल्याचे पाय दुखत असतात, तिष्ठणाऱ्याचा मान गेलेला असतो. वाट पाहणाऱ्यापुढे मात्र काहीतरी असते. त्याच्यापुढे वाट असते. ज्याने हा शब्दप्रयोग प्रथम केला, त्याने ओसरीवर उभे राहून, कपाळावर आडवा हात धरून, बांधावरून येणारी पायवाट खरोखरच न्याहाळली असेल. येणारा अजून आलेला नाही. पण तो येणार तो ह्याच वाटेने, आणि वळणावर दिसला की घरापर्यंत यायला त्याला किती वेळ लागेल हेही पाहणाऱ्याला ठाऊक आहे.

आमच्या रत्नागिरी तालुक्यात जयगडच्या धक्क्यावर उभे राहावे म्हणजे ह्या शब्दाचा अर्थ कळतो. खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातले तवसाळ. फेरीबोट तिकडून सुटली की इकडच्या काठावरून दिसते. ती खाडीच्या मध्यावर आली, आता वळली, आता तिची फळी खाली येईल, असे पाहता पाहता वेळ कसा गेला ते कळत नाही. एखाद्याला अर्धा तास थांबावे लागले तरी तो कुरकुरत नाही. कारण त्याच्या अर्ध्या तासाला आकार आहे. हीच बोट धुक्यात झाकली गेली, तर दहा मिनिटांत मंडळी चुळबुळू लागतील.

वाट पाहण्याच्या ह्या जुन्या प्रकारात गेल्या काही दशकांत एक नवी कृती येऊन बसली आहे. आज मला तिच्याविषयी लिहायचे आहे. ती म्हणजे संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, पान उघडण्यास वेळ लागत असताना, गरगर फिरणारे ते लहानसे चाक. आकाराने ते चकलीचे भावंड शोभेल. पण चकली निदान खाता तरी येते. दिवाळी अंकात टीकालेख असावा तो कादंबरीवर, नाटकावर, कवितेवर. चाकावर कसला टीकालेख, असे कुणी विचारील. त्यावर माझे उत्तर साधे आहे. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या सगळ्या कादंबऱ्यांच्या सगळ्या वाचकांनी मिळून माझ्या पानांवर जेवढा वेळ घालवला असेल, त्याहून अधिक वेळ त्यांनी ह्या चाकाकडे पाहण्यात घालवला असेल. ज्या कृतीला एवढा प्रेक्षकवर्ग आहे, ती कुणीतरी रचलेली आहे, ती आपल्याला काहीतरी सांगू पाहते, तिच्यात खरेखोटे आहे, सुबकपणा-बेढबपणा आहे. मग तिचे गुणदोष का पाहू नयेत?

ह्या चाकाची वंशावळ फार लांब नाही. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक बाजारात आला. त्यात काम चालू असताना पडद्यावरच्या बाणाच्या जागी एक मनगटी घड्याळ दिसे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत पुढे बरीच वर्षे वाळूचे घड्याळ होते. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली आणि वाळूचे घड्याळ जाऊन एक निळसर फिरते कडे आले. महाजालावरच्या पानांत हलती चित्रे आली ती मुख्यत्वे 'जिफ' ह्या चित्रप्रकाराच्या जोरावर. हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली काढला. चार-सहा चित्रे एकामागून एक दाखवायची, शेवटचे झाले की पुन्हा पहिले: एवढीच त्याची किमया.

ह्या क्रमातच एक टीका दडलेली आहे. मनगटी घड्याळ काळाचे सूचक होते. वाळूच्या घड्याळात तर वाळू खाली पडते आणि वरची संपते. त्या चित्रात शेवटाचे आश्वासन होते. चाकाला शेवट नाही. जिथून निघाले तिथेच ते येते. आपल्याकडे घाण्याच्या बैलाची उपमा आहे. ती ज्याने दिली त्याने जणू हे चाक पाहिले असावे. फरक इतकाच, की घाण्याचा बैल फिरतो तेव्हा तेल निघते.

तेल निघते की नाही, हाच तर प्रश्न आहे. यंत्राचे शास्त्र मी शिकलेलो नाही, मी शाळामास्तर. पण आमच्याच शाळेतून शिकून गेलेला आणि आता पुण्यात अशी पाने रचण्याचे काम करणारा एक मुलगा सुट्टीत घरी आला, तेव्हा त्याने मला ह्या चाकाची अंतर्रचना अगदी साध्या शब्दांत सांगितली. ती ऐकून मी थक्क झालो. माझी समजूत अशी, की आत काहीतरी फिरत असेल म्हणून बाहेर चाक फिरते. गिरणीच्या पट्ट्याला जसे चाक जोडलेले असते तसे. तसे काहीही नसते. आपण बटण दाबले की पानाकडून दूरच्या संगणकाला एक मागणी जाते, आणि त्याच वेळी चाकाला आज्ञा होते: दिस. उत्तर आले की दुसरी आज्ञा: लप. ह्या दोन आज्ञांच्या मध्ये चाकाचा आणि कामाचा काही संबंध नाही. दूरचा संगणक झपाट्याने काम करीत असो, रांगेत उभा असो, की बंद पडलेला असो. चाक त्याच गतीने, त्याच प्रसन्नतेने फिरते. उत्तर आलेच नाही, आणि 'इतक्या वेळात उत्तर न आल्यास तसे सांग' अशी तिसरी आज्ञा रचणाऱ्याने लिहून ठेवलेली नसली, तर ते प्रलयकाळापर्यंत फिरत राहील.

ह्याहून मौज पुढेच आहे. कधी कधी जड काम दूरच्या संगणकाकडे नसते. आपल्याच यंत्रावर, त्याच पानात चाललेले असते. तेव्हा पुष्कळदा असे होते की हिशेब करणारा आणि चाक फिरवणारा हात एकच असतो. हिशेबात तो गुंतला की चाक फिरवायला मोकळा राहत नाही, आणि चाक गोठते. म्हणजे काम जोरात चाललेले असते तेव्हा चाक थांबते, आणि काम मेलेले असते तेव्हा चाक फिरते! जे चिन्ह आपल्या अर्थाच्या नेमके उलट वागू शकते, त्याला चिन्ह म्हणावे का, हा प्रश्न अलंकारशास्त्र्यांनी सोडवावा.

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे. हे चाक नसते तर काय होते? पडदा स्तब्ध राहिला असता. स्तब्ध पडदा पाहून माणूस घाबरतो. बटण पुन्हा दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो, यंत्रावर चापटी मारतो. रॉबर्ट मिलर ह्या संशोधकाने १९६८ साली संगणकाने किती वेळात उत्तर दिले म्हणजे माणसाच्या विचाराची तार तुटत नाही, ह्याचा विचार मांडला. पुढे १९९३ साली याकोब नीलसन ह्याने तोच धागा तीन आकड्यांत बांधला. दशांश सेकंदात उत्तर आले तर माणसाला ते तत्काळ वाटते. एक सेकंदापर्यंत त्याच्या विचाराचा ओघ टिकतो. दहा सेकंदांपुढे त्याचे लक्ष उडते. तो दुसरे काही करू पाहतो, आणि आता किती वेळ लागेल हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. दहा सेकंद! संध्याकाळच्या परवच्यात एवढ्या वेळात एक पाढासुद्धा पुरा होत नाही. पण पडद्यापुढे बसलेल्या माणसाचा धीर तेवढाच. तेव्हा काहीतरी दाखवणे भाग आहे, हे चाकाच्या बाजूने म्हटले पाहिजे. ब्रॅड मायर्स ह्याने १९८५ साली प्रयोग करून पाहिला, तेव्हा काम किती टक्के झाले हे दाखवणारी पट्टी असलेली लोकांना अधिक पसंत पडली. पट्टी म्हणजे ती खाडीतली फेरीबोट. चाक म्हणजे धुके, पण हलते धुके.

काम व्हायला वेळ लागतो आहे, आणि समोर प्रेक्षक बसला आहे, ही अडचण संगणकाने शोधून काढलेली नाही. आमच्या कोकणात ती फार जुनी आहे, आणि तिच्यावर आमच्या लोकांनी जे उपाय काढले त्यांच्याशेजारी हे चाक ठेवून पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरणार नाही.

नमन-खेळे पाहिलेल्यांना सांगायला नको. मुख्य वग रंगायला रात्र चढावी लागते. त्याआधी नमन होते, गण होतो, गौळण येते; मृदंगाच्या ठेक्यावर संकासुर नाचून जातो आणि पोरे किंचाळतात. तिकडे आडोशाला वगाचा राजा तोंडाला रंग लावीत असतो. ह्या पूर्वरंगाने दोन्ही कामे होतात: नटाला सवड मिळते आणि प्रेक्षक बसून राहतो. पण तो नुसता वेळकाढूपणा नाही. ज्याला वग बघायचा नाही तोही गौळण पाहून तृप्त होऊन घरी जाऊ शकतो. आणि पूर्वरंगाचा क्रम सर्वांना पाठ असल्यामुळे, आता गण झाला, आता गौळण, म्हणजे वग जवळ आला, हे प्रेक्षकाला कळत असते. शिवाय ह्याच लोकांनी 'नमनाला घडाभर तेल' ही म्हण देऊन पूर्वरंगावर मर्यादाही घालून ठेवली आहे. ती म्हण आज पाने रचणाऱ्यांच्या मेजावर लिहून ठेवावी. कित्येक पानांत वाट पाहायला लावणारे चित्रच इतके डौलदार आणि जड असते, बोधचिन्ह उमलते, रंग पालटते, उड्या मारते, की ते चित्र येण्यासाठीच आपण थांबलेले असतो.

कीर्तनाची युक्ती त्याहून सूक्ष्म. पूर्वरंग संपला, निरूपण झाले, आता आख्यान लावायचे. मध्ये बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. बुवा दम घेतात, घोटभर पाणी पितात. एवढ्या वेळात सभा काय करते? सभा नामघोष करते. टाळ वाजत असतात, म्हातारीकोतारी मान डोलावीत असतात. थांबणे हेच एक काम होऊन बसते. थांबणाऱ्यालाच कामात घेतले, की थांबणे उरत नाही.

आणि रंगभूमीच्या तीन घंटा! मला त्यांच्याहून सुंदर व्यवस्था ठाऊक नाही. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात पहिली घंटा होते तेव्हा मंडळी बाहेर चहा पीत असतात. कुणी धावपळ करीत नाही. दुसरीला खुर्च्या धरतात. तिसरीला दिवे मालवतात आणि सभागृहात एकदम शांतता पसरते. ह्या घंटा आतल्या कामाशी जोडलेल्या असतात. आत नायिकेचा शालू सापडत नसेल तर तिसरी घंटा होत नाही. प्रेक्षक वैतागेल, पण फसणार नाही. घंटा खोटे बोलत नाही.

दूरदर्शनचीही आठवण होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे घरोघरी संच आले. प्रक्षेपण मध्येच तुटले की पडद्यावर पाटी यायची: 'रुकावट के लिए खेद है'. त्या पाटीची त्या काळी भरपूर थट्टा झाली. पण आज चाकाशेजारी ठेवून पाहिली तर ती पाटी मला सभ्य वाटते. तिने दोन गोष्टी कबूल केल्या होत्या: अडथळा आला आहे, आणि त्याचे आम्हाला वाईट वाटते. चाक पहिली गोष्ट लपवते आणि दुसरी त्याच्या गावीही नसते.

इथवर मी हे सारे काहीसे खेळीमेळीने लिहिले. पण ह्या प्रश्नाला एक दुखरी बाजू आहे, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आषाढातले दिवस. भाताच्या लावण्या चालू. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तिची आई दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जाणारी. त्या दिवसाची मजुरी सोडून, डोक्यावर इरले घेऊन ती आली. मी तिला घेऊन गावातल्या संगणक-केंद्रात गेलो. नावे भरली, कागद चढवले, शेवटचे बटण दाबले. चाक फिरू लागले. पाच मिनिटे, दहा मिनिटे. केंद्र चालवणारा पोरगा म्हणाला, "गुरुजी, आता हात लावायचा नाही. मध्येच बंद केलं तर अर्ज अर्धवट राहील, पुन्हा दाबलं तर दोन जातील." आम्ही तिघेही चाकाकडे बघत बसलो. अर्ध्या तासाने त्या बाईने माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारले,

"गुरुजी, हे काम करतंय, का नुसतंच फिरतंय?"

मला उत्तर देता आले नाही. केंद्रवाल्याला देता आले नाही. शेवटी त्याचे लक्ष भिंतीवरच्या पेटीकडे गेले. तिच्यावरचा हिरवा दिवा केव्हाच तांबडा झाला होता. पावसात कुठेतरी तार तुटली होती, जोडणी गेली होती, आणि पडद्यावरचे चाक त्याच प्रसन्नतेने फिरत होते. अर्ज कुठेच गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच यातायात. सुदैवाने जोडणी परत आली आणि संध्याकाळपर्यंत अर्ज पोचला. पण त्या बाईची लावणीची दोन दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. त्या चाकाने तिच्याशी काही वाईट केले असे कुणी म्हणणार नाही. त्याने नुसते खरे सांगितले नाही.

ह्या विषयावर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी सेकंद मोजले, पसंती मोजली. पण त्या बाईने विचारला तोच ह्या कलाप्रकाराच्या टीकेचा पहिला प्रश्न आहे. हे काम करते आहे, की नुसतेच फिरते आहे? कादंबरीलासुद्धा मी हाच प्रश्न लावतो. पन्नास पाने वर्णनाची गेली. पाऊस पडला, चंद्र उगवला, नायक खिडकीशी उभा राहिला. त्या पन्नास पानांत कथेच्या आत काही घडत होते, की लेखकाचे चाक नुसतेच फिरत होते? वर्णन लांबले म्हणून मी लेखकाला दोष देत नाही. त्याच्या आत कथेचा पट्टा जोडलेला नसला तर देतो.

आता ज्यांना माझे म्हणणे भाबडे वाटेल, त्यांचा एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद आहे. ते म्हणतील, माणसाला सत्य नको असते. बरे वाटणे हवे असते. त्यांच्याजवळ पुरावाही आहे. क्रिस हॅरिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली वेगवेगळ्या चालींच्या पट्ट्या लोकांना दाखवल्या. वेळ तेवढाच, पण जी पट्टी शेवटी शेवटी वेगाने धावते ती लोकांना लवकर संपल्यासारखी वाटली, आणि जी शेवटाजवळ अडखळते ती लांबल्यासारखी. २०११ साली हार्वर्डच्या रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन ह्यांनी त्याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. प्रवासाची तिकिटे शोधून देणारे पान 'आता ही विमान कंपनी पाहतो आहे, आता ती' असे सांगत राहिले, तर थांबावे लागूनही लोकांना ती सेवा अधिक मोलाची वाटली. तत्काळ उत्तर देणाऱ्या पानापेक्षाही. आपल्यासाठी कुणी राबते आहे हे दिसले की माणूस विरघळतो. मग, हे लोक म्हणतील, पट्टी जरा खोटी धावली, काम झालेले असतानाही चार सेकंद राबल्याचा देखावा केला, तर बिघडले कुठे? तुम्ही कादंबरीकार तरी दुसरे काय करता?

हा प्रश्न मी टाळणार नाही. कारण तो माझ्या धंद्यावरच आहे. कलेत भास असतो हे खरे. पण तो भास उभयतांच्या संमतीचा असतो. तिकीट काढून नाटकाला बसलेला माणूस जाणतो की समोरचा राजा घरी गेल्यावर पिठले-भात खाणार आहे. त्या जाणिवेसकट तो रडतो. म्हणून त्याच्या रडण्याला मोल आहे. शिवाय राजा मेला म्हणून प्रेक्षकाला घरी जाऊन आपला व्यवहार बदलावा लागत नाही. अर्जाच्या पानापुढे बसलेल्या माणसाने अशी कुठलीही संमती दिलेली नसते. त्याला त्या पट्टीवरून ठरवायचे असते: थांबू की जाऊ? पुन्हा दाबू की नको? पैसे गेले की राहिले? शेवटची एसटी पकडू की अर्ज? जिथे माणूस पाहून निर्णय घेणार आहे, तिथे दाखवणाऱ्याला भास निर्माण करण्याचा अधिकार नाही. तिथे तो कलावंत नाही. तो निरोप्या आहे. निरोप्याने निरोप गोड आवाजात सांगावा. बदलून सांगू नये.

आणि त्या हार्वर्डच्या प्रयोगाचा अर्थही मी उलटा लावतो. लोकांना आवडले ते थांबणे नव्हे. त्यांना आवडले ते, आत काय चालले आहे हे कुणीतरी सांगितले म्हणून. त्यांना वाट दिसली.

कुणी म्हणेल, पण कधी कधी काम किती उरले हे यंत्रालाही ठाऊक नसते. मग त्याने टक्के कुठून आणावेत? मान्य. आणू नयेत. न ठाऊक असलेले आकडे दाखवण्यापेक्षा चाक बरे. पण जे ठाऊक आहे तेवढे तरी सांगता येते: तुमचा अर्ज आमच्यापाशी पोचला आहे, किंवा पोचलेला नाही, तीन कागदांपैकी दोन चढले आहेत, अमुक वेळात उत्तर आले नाही तर आम्ही थांबू आणि तुम्हाला सांगू, दरम्यान तुम्ही हे पान बंद केले तरी चालेल. ह्यात एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. माझा तो विद्यार्थीच सांगत होता, की हे लिहायला एका दुपारचे काम. काही पाने आता चाकाऐवजी करड्या रंगाच्या रिकाम्या पट्ट्या आधी मांडून ठेवतात. इथे मथळा येईल, इथे चित्र येईल, अशा. ती पद्धत मला आवडते. आपल्याकडे पंगतीला आधी पाने मांडतात, मीठ वाढतात, लिंबाची फोड ठेवतात. भात अजून चुलीवर असतो. पण डाव्या बाजूला चटणी-कोशिंबिरीची जागा राखलेली आहे हे बघूनच पाहुणा स्वस्थ बसतो. अट एवढीच, की पाने मांडली तर जेवण आले पाहिजे.

थांबवणाऱ्याने थांबणाऱ्याशी कसे वागावे ह्याचा धडा तर आपल्या पंढरपूरच्या कथेत पहिल्याच ओळीत आहे. साक्षात देव दारात आला. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. त्याने देवाला आश्वासने दिली नाहीत, 'हा आलोच' म्हटले नाही. आपण कशात गुंतलो आहोत हे सांगितले, आणि उभे राहायला एक वीट दिली. खरे कारण आणि पायाखाली आधार, एवढ्या दोनच गोष्टी. तेवढ्यावर तो पाहुणा अजून उभा आहे.

फिरणे हाच दोष, असे मात्र मला म्हणायचे नाही. आमच्या रत्नदुर्गाच्या टोकावर दीपगृह आहे. रात्री त्याचा झोत फिरतो. चाकासारखाच फिरतो, रात्रभर फिरतो, जिथून निघाला तिथेच येतो. पण प्रत्येक दीपगृहाच्या प्रकाशाची चाल निराळी ठरवलेली असते. किती सेकंदांनी आणि किती वेळा चमकायचे ते नाविकांच्या पुस्तकात नोंदलेले असते. मिरकरवाड्याच्या बंदरात परतणाऱ्या होडीवरचा तांडेल त्या चमकण्याच्या अंतरावरून ओळखतो, की ही रत्नागिरीच, दुसरे बंदर नव्हे. एक मुका, फिरता दिवा. पण तो खडकाची जागा सांगतो, घराची दिशा सांगतो. आणि विझला, तर विझल्याचेही कळते. यंत्राने फिरून काय सांगावे ह्याचा इतका जुना आणि इतका चोख दाखला आमच्या डोळ्यांपुढे असताना, पडद्यावरचे चाक एवढे मुके का राहावे?

ह्या आमच्या जिल्ह्यातली कितीतरी मुले आज पुण्या-मुंबईला, बंगळूरला अशी पाने रचण्याच्या कामावर आहेत. दिवाळीला ती घरी येतील. आई फराळाचे ताट पुढे ठेवील, आणि झोपाळ्यावर पडलेला हा अंक कुणीतरी चाळील. त्यांच्यापैकी ज्याच्या हाती हे पान लागेल त्याला जुन्या मास्तराचे एवढेच सांगणे आहे. तुझे चाक काढून टाकू नकोस. ते गोजिरवाणे आहे, पोरांना आवडते. त्याच्याखाली एक ओळ मात्र लिही. आणि ती ओळ लिहिताना, लावणी टाकून आलेली, ओले इरले दाराशी ठेवून बाकावर बसलेली ती बाई तुझ्या पडद्यापुढे आहे असे समज. तिला वाचता येईल अशा मराठीत लिही, आणि खरे असेल तेवढेच लिही.